'आईचा आवाज' नावाचा शॉर्टकट

मी शॉर्टकट बोलतोय. रस्त्यावरचा नाही हं, स्क्रीनवरचा. तुमच्या कॉम्प्युटरवर पिवळ्या फोल्डरची चित्रं असतात ना, त्यातल्या काहींच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीकसा वाकडा बाण असतो. बघितलाय कधी? नसेलच बघितला. कोणी बघत नाही. तो बाण ज्याच्या अंगावर असतो, तो मी.

बाणाचा अर्थ एवढाच, की माझ्या आत काहीही नाही. खरा फोल्डर दुसरीकडे कुठेतरी खोल बसलेला असतो आणि मला फक्त त्याचा पत्ता पाठ असतो. माझ्यावर दोनदा टिचकी मारा, मी धावत जाऊन त्याला उघडतो, आणि तुम्हाला वाटतं सगळं माझ्यातच होतं. खरं सांगू? मला आवडायचं ते. फुकटचा भाव मिळायचा.

माझा जन्म मारतहळ्ळीत झाला, तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये, दुपारी, बाजूच्या बिल्डिंगमध्ये ड्रिल मशीन चालू असताना. लॅपटॉप होता ऑफिसचा. वापरणारी संयोगिता. मूळची वर्ध्याची, मग नागपूर, मग इथे कानडी मुलखात, महादेवपुराच्या एका कंपनीत. कोडिंगवाली नाही, ट्रेनिंगचे कार्यक्रम ठरवायची. तिची आई हेमलताकाकू, संयूचे बाबा गेल्यापासून तिच्याकडेच राहायला आलेली. घरात दोघीच.

आता काकूंबद्दल सांगायलाच पाहिजे. काकू वर्ध्याच्या एसटी स्टँडवर घोषणा करायच्या. म्हणजे चौकशीच्या खिडकीमागे बसून माइकवर बोलायचं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं." सगळी नोकरी तेच केलं. संयू सांगायची, शाळेतून येताना कोपऱ्यावरच आईचा आवाज ऐकू यायचा, मग घरी पोचायच्या आधीच घरी आल्यासारखं वाटायचं.

आणि त्याच घशात कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, पण बोलणं जाईल.

मी काय करतोय बघा, गंमत सांगायला बसलो आणि इथपर्यंत आलो पण. काय करणार, माझी सगळी गोष्ट इथूनच सुरू होते. कारण हॉस्पिटलमध्ये निधी मॅडम होत्या, ज्यांचा आवाज जातो त्यांना बोलायचे दुसरे मार्ग शिकवणाऱ्या. त्या म्हणाल्या, ऑपरेशनच्या आधी भरपूर रेकॉर्ड करून ठेवा. रोज थोडं थोडं, स्वच्छ आवाजात. त्यावरून पुढे मोबाइलवर असं काही बनवता येतं, की आईंनी टाइप केलं की फोन आईंच्याच आवाजात बोलेल.

संयूच्या ऑफिसच्या हेडफोनचा माइक भारी होता, बाहेरची ड्रिल मशीन पण गिळून टाकायचा. म्हणून रेकॉर्डिंग लॅपटॉपवर. तो रेकॉर्डर सगळ्या फाइल कुठेतरी आत, डब्यात डबा, त्यात डबा, अशा ठिकाणी ठेवायचा. काकूंना रोज तिथपर्यंत कसं जायला सांगणार? म्हणून संयूने खऱ्या फोल्डरवर उजवी टिचकी मारली, 'सेंड टू', 'डेस्कटॉप', आणि मी टपकन बाहेर. त्या वेळी माझ्या नावातच शेवटी 'शॉर्टकट' लिहिलेलं होतं. तिने ते पुसलं, कारण काकू एवढं इंग्रजी बघून बिचकल्या असत्या. त्या जागी लिहिलं, 'आईचा आवाज'. झालं. ओळखपत्रच गेलं माझं.

मग काकूंची शिकवणी सुरू झाली. काय दिवस होते ते. संयू ऑफिसच्या मीटिंगा संपवून यायची, आणि काकू चष्मा पुसून खुर्चीवर तयार.

"हा डेस्कटॉप," संयू म्हणायची. "समोर दिसतं ते सगळं."

"म्हणजे आपलं स्टँड."

"हं, चालेल. आणि ही छोटी चित्रं म्हणजे आयकॉन."

"फलाटावर लागलेल्या गाड्या."

"बरं. आता यावर दोनदा क्लिक कर. पटापट. अगं इतकं सावकाश नाही, आई. दोन टिचक्यांमध्ये जेवण करून आलीस."

"तू करून राहिली का मी करून राहिले? बस चुपचाप."

खिडकी उघडली की काकू खूश. मग वरच्या कोपऱ्यातली तीन बटणं आली. ती आडवी रेघ दाबली की खिडकी खाली पट्टीत जाऊन बसते, हे काही त्यांना पटेना. गेली कुठे? संयू म्हणाली, बंद नाही झाली, खाली बसलीय फक्त. काकूंनी विचार केला आणि म्हणाल्या, "समजलं. रेघ म्हणजे गाडी डेपोत उभी. फुली म्हणजे गाडी रद्द." संयू बघतच राहिली. ऑफिसात एवढं ट्रेनिंग देते, तिलासुद्धा इतकं सोपं सांगता आलं नव्हतं. रिसायकल बिनला काकू 'हरवले-सापडले' म्हणायच्या. बाणाला, म्हणजे माउसच्या बाणाला, 'कंट्रोलर' म्हणायच्या. फोल्डर म्हणजे गाडी, फाइल म्हणजे प्रवासी.

सगळं बरोबर होतं. फक्त मी गाडी नव्हतो. मी गाडीचं नाव लिहिलेली पाटी होतो. हे त्यांना कोणी सांगितलं नाही. सांगायची गरज कधी पडलीच नाही, टिचकी मारली की गाडी उघडतच होती.

रोज दुपारी काकू हेडफोन लावून बसायच्या. निधी मॅडमनी दिलेली वाक्यं आधी. मग स्वतःची. "संयू, ऊठ, आठ वाजले." "भाजीत मीठ बघ." "काऊन गं, तोंड का पाडून बसली?" एकदा शेजारच्या गंगव्वा आल्या, निपाणीकडच्या, मराठी बोलायच्या पण मधे मधे कानडी. त्यांना काकूंनी माइकसमोर बसवलं आणि दोघी हसतच सुटल्या. ते हसणंपण आत गेलं. आणि एक दिवस, कुणी सांगितलं नव्हतं, काकू ताठ बसल्या, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. वर्ध्याहून आर्वीला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे." आवाज घोगरा झाला होता तोवर. पण काय आवाज होता यार. मी तर खाली पट्टीपर्यंत सरळ झालो.

ऑपरेशनला एक दिवस उरला होता, तेव्हा सकाळी संयूला एका छोट्या मीटिंगचं आमंत्रण आलं. मीटिंगमध्ये दोन बायका, दोघींचे कॅमेरे चालू. एक छान हसून बोलत होती. कंपनीची रचना बदलतेय, तुझी जागा राहणार नाही, तुझ्या कामाबद्दल काहीच तक्रार नाही. लॅपटॉप न्यायला आज दुपारी माणूस येईल. तोपर्यंत तुझं लॉगिन चालू राहील.

संयूने रेघ दाबून खिडकी खाली बसवली. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कोण होतं गं?"

"ऑफिस. लॅपटॉप जुना झालाय ना, बदलून देणार आहेत. दुपारी एक माणूस येईल न्यायला."

उद्या जिचा गळा चिरणार आहेत तिला आज आणखी काय सांगणार? नाही सांगितलं तिने. तिला हॉस्पिटलमध्ये जाऊन बेडचं नक्की करायचं होतं, ब्लड बँकेत जायचं होतं. आल्यावर मी फोल्डर काढून घेईन, असं मनाशी म्हणून गेली. तिकडे काउंटरवर अडकली, आणि माणूस वेळेच्या आधीच दारात.

काकूंनी त्याला बसवलं, पाणी दिलं. तेवढ्यात संयूचा फोन. काकूंनी स्पीकरवर टाकला, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"आई, मला उशीर होईल. ऐक ना, ड्रॉवरमध्ये निळा पेनड्राइव्ह आहे."

"तो लावायचा, आणि 'आईचा आवाज' त्यात टाकायचा. समजलं मला."

"जमेल? उजवी टिचकी, कॉपी. मग पेनड्राइव्हच्या खिडकीत..."

"उजवी टिचकी, पेस्ट. अगं, मी स्टँड सांभाळलं आहे, तुझा एक डबा नाही सांभाळता येणार?"

"झाल्यावर उघडून बघ हं. त्या खिडकीतूनच उघड."

"बघते ना बापा. ठेव फोन, हा पोट्टा बसून राहिला इथे."

काकूंनी सगळं अगदी बरोबर केलं. एकही पायरी चुकली नाही. फक्त उजवी टिचकी मारली ती माझ्यावर. माझी नक्कल झाली आणि ती पेनड्राइव्हवर जाऊन बसली. डोळ्याचं पातं लवायच्या आत. एवढा सगळा आवाज असता तर हिरवी पट्टी सरकत बसली असती, चहा झाला असता तोवर. पण काकूंना काय माहीत किती वेळ लागतो.

आता बोलतोय तो ही नक्कल, बरं का. पेनड्राइव्हवरचा मी.

मग काकूंनी सांगितल्याप्रमाणे पेनड्राइव्हच्या खिडकीत माझ्यावर दोनदा टिचकी मारली. आणि मी काय केलं? माझं काम केलं. पत्ता पाठ होता, लॅपटॉप समोरच होता, खरा फोल्डर अजून आत जागच्या जागी होता. धावत गेलो, उघडला. काकूंनी एक फाइल लावली. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं..."

तो माणूस दचकून बघायला लागला. "आंटी, ये आप हो?"

"और कौन," काकू म्हणाल्या.

फोन केला. "झालं गं. उघडून पाहिलं, वाजवूनपण पाहिलं."

"थँक यू आई," संयू म्हणाली. तिचा आवाज कापत होता. काकूंना वाटलं उद्याच्या काळजीने.

मग त्यांनी पेनड्राइव्ह काढायच्या आधी खालच्या पट्टीतून 'सुरक्षित काढा' पण केलं. इतकं कोण करतं सांगा मला? तुम्ही करता? ऑफिसच्या माणसाने लॅपटॉप पिशवीत घातला आणि निघून गेला. खरा फोल्डर त्याच्या पाठीवर, जिना उतरत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनला जाताना काकूंनी पेनड्राइव्ह गंगव्वांच्या हातात दिला. "हे सांभाळा. माझा गळा आहे यात."

"काळजी नको हो अक्का. देवापुढं ठेवते की," गंगव्वा म्हणाल्या. आणि खरंच ठेवलं. मी किती तरी दिवस त्यांच्या देवघरात होतो, कुंकवाच्या करंड्याशेजारी. रोज माझ्यावरून उदबत्ती फिरायची. माझ्यावरून. आत काय होतं, तर एक पत्ता.

काकू घरी आल्या. गळ्याला भोक, त्यात नळी. बोलायला तोंड उघडायच्या आणि नुसती हवा त्या भोकातून फुसकन जायची. मुलांची असते तशी पांढरी पाटी आणि मार्कर आणला. त्यावर लिहायच्या. फोनमध्ये एक ॲप पण टाकलं, लिहिलेलं वाचून दाखवणारं. पहिल्यांदा त्यातली बाई बोलली, "मला पाणी हवे आहे," तर काकूंनी फोन पालथा केला आणि पाटीवर लिहिलं, 'ही पुण्याची बाई कोण? हिला माझ्या तोंडात नको बसवू.'

संयू हसली. तिने तोवर नोकरीचं सांगितलं होतं. काकूंनी लिहिलं, 'तेव्हाच सांगायचं होतं.' एवढंच. मग खाली, 'निधी मॅडमकडे कधी जायचं?' रोज तेच विचारायच्या. गाणं नको, गप्पा नको, फक्त संयूला हाक मारता यावी, दारावर आलेल्या भाजीवाल्याला रागावता यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

संयूने इंटरव्ह्यूसाठी एक सेकंडहँड लॅपटॉप विकत घेतला. गंगव्वांकडून पेनड्राइव्ह आणला. लावला. माझ्यावर दोनदा टिचकी.

मी धावलो. पत्ता पाठच होता. पण हा लॅपटॉपच दुसरा होता, इथे त्या पत्त्यावर घरच नव्हतं. आणि अशा वेळी माझ्याकडून एक चौकोनी खिडकी उघडते. त्यात लिहिलेलं असतं, हा शॉर्टकट ज्याकडे जातो ती वस्तू हलवली आहे किंवा बदलली आहे. हा शॉर्टकट पुसून टाकायचा का? खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नाही'.

संयूने 'नाही' दाबलं. पुन्हा टिचकी. पुन्हा खिडकी. पुन्हा 'नाही'. मग तिने मला नीट बघितलं, पहिल्यांदाच. तोंड स्क्रीनजवळ आणलं आणि कोपऱ्यातला बाण बघितला. मला तिचा श्वास ऐकू आला.

ऑफिसात फोन केला. तिकडचा मुलगा चांगला होता बिचारा. म्हणाला, मॅडम, मशीन पूर्ण साफ करून दुसऱ्या कोणाला दिलं पण, नियमच आहे तसा. ती म्हणाली, थोडं तरी मिळेल का? तो म्हणाला, सॉरी मॅडम. तीन वेळा म्हणाला. मग तिने व्हॉट्सॲप उपसलं. काकूंच्या काही व्हॉइस नोट सापडल्या, "येताना दूध आण," "पोचली का," मागे कुकरच्या शिट्ट्या. निधी मॅडमना ऐकवल्या. त्या म्हणाल्या, एवढ्यावर नाही होणार गं.

आणि आता तिच्यासमोर दोनच रस्ते होते. एक, आईला खरं सांगायचं, की आई, तू पाटी आणलीस, गाडी तिथेच राहिली. तुझ्या हातून गेला तुझा आवाज. दुसरा संयूने काल निवडला.

"आई," ती म्हणाली, "माझ्याकडून पेनड्राइव्ह फॉरमॅट झाला. इंटरव्ह्यूच्या फाइल टाकताना. सगळं गेलं."

काकूंनी पाटी पुढे ओढली. मग मार्कर उचलला. पाटीवर इतक्या जोरात लिहीत होत्या की मार्कर किरकिर करत होता.

'मी नीट भरलं होतं.'

"हो आई."

'उघडून पाहिलं होतं. वाजवलं होतं.'

"हो. तू सगळं बरोबर केलं होतंस."

'तुला एक वस्तू सांभाळता आली नाही.'

"नाही आली."

काकूंनी पाटी पुसली नाही. तशीच टेबलावर ठेवून दिली, की जाता येता दिसावी. त्यानंतर संयूशी एक शब्द लिहिला नाही. जेवताना गंगव्वा मधे पडल्या, "अक्का, पोरगी आहे, चुकते की, स्वल्प मन मोठं करा," तर काकूंनी हात झटकला. संयू वाटीत डाळ वाढत होती, तिने नुसतं वाढलं.

आणि आज सकाळी काकूंनी नव्याने काहीतरी लिहिलं. माझा चेहराच पडला ते वाचून, म्हणजे चेहरा असता तर.

'पेनड्राइव्ह दे. मी स्वतः बघते. मला येतं.'

त्यांना येतं हो. तेच तर आहे. त्या लावतील, खिडकी उघडतील, आणि रिकाम्या पेनड्राइव्हमध्ये मी दिसेन. 'आईचा आवाज'. फॉरमॅट झाला म्हणाली ना पोरगी, मग हा कसा राहिला? टिचकी मारतील. मग चौकोनी खिडकी. काकू अडाणी नाहीत, इंग्रजी अक्षर लावून वाचतात, आणि नाही समजलं तर गंगव्वांच्या सुनेला विचारतील. मी जोवर इथे आहे, तोवर काकूंची चूक इथे आहे. तिचा पुरावा म्हणजे मी, दुसरं कोणी नाही.

"देते," संयू म्हणाली. "अंघोळ करून घे आधी. गंगव्वा नळी साफ करायला आल्यात."

आत्ता बाथरूममध्ये नळ चालू आहे. संयूने पेनड्राइव्ह लावलाय. मला निवडून थेट पुसता आलं असतं तिला, पण तिने आधी माझ्यावर दोनदा टिचकी मारलीच. कशासाठी, मला माहीत नाही. तिलाही नसेल. खिडकी उघडली आहे. पुसून टाकायचा का? कंट्रोलर 'हो'वर येऊन थांबलाय. पेनड्राइव्हवरून पुसलेलं 'हरवले-सापडले'तपण जात नाही, हे तिला माहीत आहे.

दाब संयू. मी पत्ता विसरलो तरी कुणाचं काही अडणार नाही, तिथे कुणी राहत नाही आता. तू म्हणालीस ना पेनड्राइव्ह रिकामा आहे, मग होऊ दे रिकामा. तुझ्यावरचा राग तुझ्या आईला झेपेल. स्वतःवरचा नाही झेपणार.

नळ बंद झाला. भिंतीवर टकटक होतेय, काकू तशीच हाक मारतात हल्ली.

तुम्ही एवढं ऐकलंत, तर एक करा. मारतहळ्ळीच्या बाजारात कुठे पांढऱ्या पाटीवर लिहून भाजी घेणाऱ्या बाई दिसल्या, आणि त्यांच्यापासून दोन पावलं मागे पिशवी धरून चालणारी मुलगी दिसली, तर त्यांना यातलं काही सांगू नका. त्या मुलीवर रागावलेल्या असतील. राहू द्या रागावलेल्या.